आईसोबत मुंबईत तीन दिवस: नाटक, ऑर्केस्ट्रा आणि चित्रं, कुठे काय आवडलं

आमच्याकडे मुंबईला जायचं म्हणजे लग्न, बारावं नाहीतर हॉस्पिटल. फेब्रुवारीत मी आईला घेऊन गेलो ते यातलं काहीच नसताना, फक्त नाटक बघायला, संगीत ऐकायला आणि चित्रं बघायला, आणि घरातून बाहेर पडेपर्यंत वाडीतल्या चार जणांनी तरी काळजीने विचारलं की कोण आजारी आहे का. कोणी नाही हो, सगळे बरे आहेत.

आई ६८ वर्षांची आहे. गुडघे दुखतात पण कान आणि डोळे अजून शाबूत आहेत, जत्रेतला दशावतार आजही पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत जागून बघते आणि कुठल्या राजाने कुठलं वाक्य मागच्या वर्षी वेगळं घेतलेलं तेपण सांगते (दशावताराला, म्हणजे आपल्या कोकणातल्या या लोकनाट्याला, लिहिलेली संहिता नसते, संवाद जागेवरच रचतात, त्यामुळे दरवर्षी फरक पडतोच). वडील परळला गिरणीत होते. १९८२ चा संप झाला आणि वर्षभरात बिऱ्हाड कणकवलीला आलं, त्यानंतर आईने मुंबईत एकही नाटक बघितलं नव्हतं. शेवटचं बघितलं ते गवाणकरांचं वस्त्रहरण, ते १९८० मध्ये रंगभूमीवर आलं आणि आपली मालवणी व्यावसायिक रंगभूमीवर हाऊसफुल्ल चालते हे तेव्हा गिरणगावातल्या आपल्या माणसांनी डोळ्यांनी बघितलं. मी स्वतः आमच्या भजन मंडळात पेटी वाजवतो, म्हणून माझं लक्ष जास्त आवाजाकडे असतं. हे आधीच सांगतोय कारण खाली जे लिहिलंय ते या दोन माणसांच्या नजरेतून आहे, आणि आमचं माप एकच आहे की कलाकार आणि आपण यांच्यात किती अंतर राहतं. जत्रेत आपण पुढे गोणपाट टाकून बसतो, समोर एक बाकडा, तोच राजाचं सिंहासन आणि तोच डोंगर, आणि संकासूर, म्हणजे दशावतारातला हसवणारा राक्षस, आला की तो थेट आपल्याशीच मालवणीत बोलतो. ते अंतर एकदा सवयीचं झालं की मग मोठ्या हॉलमधे लांबून बघताना काहीतरी कमी पडतंय असं वाटतंच.

जायचं कसं ते आधी. तुतारी एक्सप्रेस आपल्यासाठी सगळ्यात सोयीची, संध्याकाळी कणकवलीत बसायचं आणि सकाळी दादर, तीच गाडी परत रात्री बारा वाजून गेल्यावर दादरवरून सुटते. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, रविवारी रात्रीची गाडी म्हणून तुम्ही रविवारचं तिकीट काढलंत तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते, तारीख सोमवारची टाकायची. आम्ही मावशीकडे परळला राहिलो. आणि आता ती भुयारी मेट्रो ३ पूर्ण सुरू झालीय ना, दादरवरून थेट हुतात्मा चौक आणि विधानभवन, सरकते जिने आणि लिफ्ट दोन्ही, आईसारख्या गुडघेवाल्यांसाठी हे फार मोठं काम झालंय, लोकलच्या पुलांवरून तिला मी कधीच नेऊ शकलो नसतो.

शुक्रवारी पहिल्या दिवशी काळा घोडा भाग. इथे चालायच्या अंतरात तीन मोठ्या जागा आहेत आणि लोक एका दिवसात तिन्ही उरकतात, तसं करू नका. आम्ही खरा वेळ जहांगीर आर्ट गॅलरीला दिला. १९५२ पासूनची गॅलरी, प्रवेश फुकट, सकाळी ११ ते संध्याकाळी ७, आणि प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याने बदलतात, म्हणजे प्रत्येक खेपेला नवीन काहीतरी असतंच. जहांगीरची खरी मजा म्हणजे चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो. आपण आत जायला बिचकतो, आपल्याला काय कळणार म्हणून, पण तो माणूस कोणीतरी येऊन बोलेल म्हणूनच दिवसभर खुर्ची टाकून बसलेला असतो हो.

आईचं माहेर आचऱ्याचं, खाडीकाठचं. एका दालनात किनाऱ्यावरच्या होड्यांची मोठी मोठी तैलचित्रं होती, निळ्या पाण्यावर संध्याकाळचा पिवळा उजेड, फार सुंदर काम. आई एका चित्रासमोर पाच मिनिटं हललीच नाही. मग चित्रकाराकडे वळून म्हणाली, "होडी बरी असा, पण हेका उलांडी खय?" त्याला कळलं नाही, मी सांगितलं की आमच्याकडच्या लहान होड्यांना एका बाजूला पाण्यावर टेकणारं जे आडवं लाकूड असतं त्याला उलांडी म्हणतात, ते नसेल तर एवढी अरुंद होडी कलंडेल. त्या माणसाने खिशातून वही काढली, आईला खुर्ची दिली आणि तिच्याकडून सगळं समजून घेतलं, लाकूड कुठल्या बाजूला, किती लांब, दोरीने कसं बांधतात, आणि पेन्सिलने काढून दाखवलं आणि विचारलं असं का. आईने बोट ठेवून दोन ठिकाणी दुरुस्त केलं. मी इतक्या वर्षांत आईला अशी कोणाला शिकवताना बघितलं नव्हतं. त्या चित्रकाराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, पण त्याचे आभार मानावे तेवढे कमी आहेत. बाहेर फुटपाथवरपण चित्रकार चित्रं लावून बसतात, तिथेही थांबा, चांगली कामं असतात आणि खिशाला परवडणारी.

जहांगीरच्या शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९०५ मध्ये पायाभरणी आणि १९२२ ला लोकांसाठी उघडलं, मधल्या काळात पहिल्या महायुद्धात तिथे हॉस्पिटल होतं. वास्तुकार जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडियापण त्यांचंच. इमारत कुर्ल्याचा काळा दगड आणि मालाडचा पिवळसर दगड वापरून बांधलीय ते बाहेरच्या बागेतूनच नीट दिसतं. संग्रहालय एवढं मोठं आहे की एक दालन ठरवून जा. आम्ही मूर्तींचं एकच दालन बघितलं आणि बागेत बसलो. चौकातच नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे, १९११ च्या जुन्या सभागृहाच्या आत गोल गोल मजले करून १९९६ मध्ये सुरू केलेली, सोमवारी बंद. जिने चढत चढत वर घुमटाखाली जायचं असतं, आई खालीच बसली आणि मी पटकन जाऊन आलो, जागा अप्रतिम आहे, पण खरं सांगायचं तर जहांगीरनंतर डोळे भरले होते.

काळा घोडा महोत्सव चालू असेल तर तोही त्याच रस्त्यावर असतो, १९९९ पासून दरवर्षी फेब्रुवारीच्या आसपास, नऊ दिवस, सगळं फुकट. शनिवार-रविवारी वयस्कर माणसाला घेऊन तिकडे जाऊ नका, कामाच्या दिवशी दुपारी जा. आणि तो जो काळा घोडा, ज्याच्यावरून नाव पडलं, तो मुळात एडवर्ड राजाच्या पुतळ्याचा घोडा, तो पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला आणि आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. हल्ली तिथे जो उभा आहे तो २०१७ मध्ये बसवलेला, त्याच्यावर राजा नाही, नुसता घोडा.

संध्याकाळी एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. नरिमन पॉइंटच्या अगदी टोकाला, समुद्राला लागून. याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

इथे वेगवेगळी थिएटर आहेत. टाटा थिएटर १९८० चं, फिलिप जॉन्सन या अमेरिकन वास्तुकाराने बांधलेलं, आणि आवाजाचं गणित सिरिल हॅरिस नावाच्या तज्ज्ञाने बसवलेलं. साधारण हजार माणसं बसतात. मी मागच्या खेपेला तिथे ख्यालगायन ऐकलं होतं, मागून तिसऱ्या रांगेत होतो आणि तानपुरा छेडल्यावर तारेची जवारी, ती जी बारीक झणझण असते ना, ती सुटी सुटी ऐकू येत होती. आमच्याकडे भजनाला दोन मोठे कर्णे आणि इको लावल्याशिवाय कोणाचं समाधान होत नाही, मी त्या रात्री परत येताना ठरवलं की आमच्या मंडळाचा इको बंद करायचा आणि केलासुद्धा, भांडणं झाली पण केला.

या खेपेला जमशेद भाभा थिएटरला सिंफनी ऑर्केस्ट्रा होता. हे थिएटर १९९९ चं, त्याआधी काम संपत आलेलं असताना आगीत मोठं नुकसान झालं होतं आणि एनसीपीएचे संस्थापक जमशेद भाभांनी परत उभं केलं. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया एनसीपीएचाच, २००६ मध्ये सुरू झाला, साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमधे त्यांचा सीझन असतो. माझ्यासाठी पाश्चात्य संगीत म्हणजे कधीतरी मोबाईलवर ऐकलेलं, आई तर पहिल्यांदाच ऐकणार होती. आम्ही सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं, वर बाल्कनीत, आणि मी सांगतो, ऑर्केस्ट्रा बघायला वरचीच जागा बरी, खाली बसलं तर पुढचे व्हायोलिनवालेच दिसतात, वरून सगळं पसरलेलं दिसतं, कोण कधी वाजवतंय ते.

सुरुवातीला स्टेजवर नुसता गोंधळ, सत्तर-ऐंशी माणसं आपापलं काहीतरी वाजवत होती, बाजार भरल्यासारखं. मग पुढचा मुख्य व्हायोलिनवादक उभा राहिला आणि सगळं गप्प. मधे बसलेल्या एका बाईने ओबो नावाच्या सनईसारख्या वाद्यातून एकच सूर धरला, लांब, सरळ. मी ऐकलं आणि माझी बोटं मांडीवर आपोआप गेली, पांढरी सहा! आपल्या पेटीतली पांढरी सहा. त्या एका सुरावर आधी फुंकायची वाद्यं आली, मग तारेची, आणि अख्खा हॉल त्या एका सुराने भरून गेला, अजून कार्यक्रम सुरू झालेला नव्हता आणि माझ्या अंगावर काटा. आई हळूच म्हणाली, "सगळे पयलो सूर लावतत, मगे वाजवतत. तुमी काय करतास?" आम्ही काय करतो ते तिला माहिती आहे, पखवाज एकीकडे आणि पेटी एकीकडे आणि बुवा मधे.

आणि एक सांगायचंच आहे. मागे तांब्याच्या मोठ्या नगाऱ्यांसारखी चार वाद्यं होती, टिंपनी म्हणतात. बाकीचे सगळे वाजवत असताना तो टिंपनीवाला गप्प बसून कान अगदी चामड्याला लावून, बोटाने हळू टिचकी मारून सूर बघत होता, पायाने पेडल दाबून थोडा चढवायचा, परत कान लावायचा. पाच सात मिनिटं त्याचं वाजवायचं काहीच नव्हतं, पण तो पुढच्या दोन ठोक्यांची तयारी करत होता. आमचा पखवाजवाला डाव्या बाजूला कणीक लावताना असाच मान वाकडी करून ऐकतो. मग ते दोन ठोके आले आणि मी खुर्चीत सरळ झालो. कुठेही माईक नाही, स्पीकर नाही, आणि ते ठोके पोटात जाणवले.

नवीन जाणाऱ्यांसाठी, सिंफनीचे बहुतेक चार भाग असतात आणि मधे थोडं थांबतात, तेव्हा टाळ्या वाजवायच्या नसतात, एकदम शेवटी वाजवायच्या. माहिती नसेल तर बाजूच्यांकडे बघा. उशिरा गेलात तर मधे सोडत नाहीत, म्हणून अर्धा तास आधी पोहोचा, आणि ते जुनं संगमरवरी जिन्याचं काम नीट बघा, पेटिट हॉल नावाच्या जुन्या बंगल्यातून आणून बसवलेला जिना आहे तो. कार्यक्रम संपल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही, मेट्रोत बसल्यावर म्हणाली, "एवढी माणसा असान कोण खोकाक पण नाय." हे तिच्याकडून मोठं कौतुक आहे.

शनिवारी पृथ्वी थिएटर, जुहूला. पार्ल्याला उतरून रिक्षा केली. पृथ्वी लहान आहे, जेमतेम २०० खुर्च्या, आणि रंगमंच पुढे आलेला, प्रेक्षक तिन्ही बाजूंनी. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी पृथ्वीराज कपूर यांच्या आठवणीत उभं केलं, ५ नोव्हेंबर १९७८ ला सुरू झालं. ५ नोव्हेंबर म्हणजे आपला मराठी रंगभूमी दिन, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीला पहिला प्रयोग केला तो दिवस, आणि पृथ्वीवर पहिलं जे नाटक झालं तेही मूळ मराठीतलंच, गो. पु. देशपांड्यांचं, हिंदीत केलेलं. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

खुर्च्यांना नंबर नसतात, आधी येईल तो आधी बसेल, म्हणून रांगेत पाऊण तास आधी उभे राहा आणि समोरच्या मधल्या भागात बसा, बाजूला बसलं की कधीकधी नटाची पाठ दिसत राहते. आणि तिसरी घंटा झाल्यावर दरवाजा बंद म्हणजे बंद, मग कोणीही असो. मुंबईच्या ट्रॅफिकला कारण सांगून उपयोग नाही. हा नियम मला मनापासून आवडतो, आपल्याकडच्या नाट्यगृहांतही हवा, पहिल्या वीस मिनिटांत लोकांचे टॉर्च लावून खुर्च्या शोधणं बंद होईल.

आम्हाला दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. हिंदी नाटक, दोनच पात्रं, एक म्हातारी आणि तिचा मुलगा. एका प्रसंगात ती बाई बोलता बोलता संत्रं सोलते, अगदी सावकाश, सालीचा एकच लांब तुकडा काढत, आणि तो वास आमच्यापर्यंत आला. मुलगा तिला घर विकायचं सांगतोय आणि ती एकेक फोड वेगळी करून त्याच्यासमोर ठेवतेय, वरचे पांढरे धागे काढून. मी बाजूला बघितलं तर आईचे हात तसेच चालले होते, रिकामे. घरी आम्हाला ती अशीच देते, धागे काढून. नाटक संपल्यावर म्हणाली, "माका तेच्या डोळ्यातला पाणी दिसला रे. आमच्या दशावतारासारख्याच असा ह्या, जवळ." माझं सगळं परीक्षण तिने एका वाक्यात करून टाकलं.

बाहेरचा कॅफे झाडाखाली आहे, तिथली आयरिश कॉफी प्रसिद्ध आहे, आम्ही चहा घेतला, खाण्याचे भाव आपल्याकडच्या मानाने चढेच. पण तिथे बसायचं ते माणसं बघायला, नुकतंच बघितलेल्या नाटकावर अनोळखी लोक एकमेकांशी बोलत असतात, आणि ती संत्रंवाली बाई मेकअप पुसून शेजारच्या टेबलावर येऊन बसली. आई उठून गेली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले, बोलली काही नाही. ती बाईपण काही बोलली नाही.

रविवारी दुपारी चारचा प्रयोग, दादरचं शिवाजी मंदिर. १९६५ पासूनचं नाट्यगृह, प्लाझासमोर, मराठी नाटकाची मुंबईतली सगळ्यात ओळखीची जागा म्हटलं तरी चालेल. आई-वडील लग्नानंतर इथे यायचे. तिकीट ४०० चं काढलं, खिडकीवरच, ॲपवरून काढलं की वर वेगळी फी लागते, दादरला असाल तर सरळ जाऊन घ्या आणि प्लॅनवर खुर्ची बघून घ्या. नाटक नवीन होतं, घरगुती विनोदी, पहिला अंक जोरात, दुसरा थोडा ताणलेला. कलाकार सगळे तयारीचे. पण नटांच्या गालाला चिकटवलेल्या माईकची आता सगळीकडेच पद्धत पडलीय, शिवाजी मंदिरबद्दल नाही, एकूणच बोलतोय, त्यामुळे कोणी डावीकडे बोललं काय आणि उजवीकडे बोललं काय आवाज एकाच स्पीकरमधून येतो. पृथ्वीवरून आल्यावर ते जास्तच जाणवलं. जुने नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचे, ती मेहनत या माईकने गेली असं माझं स्पष्ट मत आहे.

पण शिवाजी मंदिरला प्रेक्षक बघायचे. काठापदराच्या साड्या, गजरे, आजीआजोबा, मधेच एखादं लहान मूल, पूर्ण घरंच्या घरं आलेली. पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसऱ्या घंटेला दिवे जातात आणि ती जी शांतता पसरते आणि पडद्याची किनार हलते, त्या वेळी आईने माझा हात घट्ट धरला. "तुझो बापूस आज व्हयो होतो." एवढंच म्हणाली. मध्यंतरात बटाटावडा खाल्ला, तो खायलाच पाहिजे, रांगेत धक्के खाऊन, कागदात गरम गरम, तिथे उभ्या उभ्या शेजारच्या बाईने आईला विचारलं गाव कुठलं, आणि ती निघाली कुडाळची, मग काय, तिसऱ्या मिनिटाला दोघींच्या ओळखीचं एक माणूस निघालंच.

एक तक्रारपण लिहितो, जागेचं नाव घेत नाही. दोन वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका नाट्यगृहात गेलो होतो, खुर्चीचा हात तुटलेला, स्पीकरमधून अंकभर घूं असा आवाज, आणि बाईमाणसांच्या स्वच्छतागृहाला मध्यंतरात एवढी रांग की बहीण दुसरा अंक सुरू झाल्यावर आत आली. पाचशे रुपये घेताय तर एवढं तरी बघा. वयस्कर माणसाला नेणार असाल तर तिकीट काढायच्या आधी फोन करून लिफ्ट आहे का, किती पायऱ्या आहेत, खाली पहिल्या रांगा मिळतील का ते विचारून घ्या, लाजू नका.

मावशीच्या घराजवळच परळला दामोदर नाट्यगृह, १९२२ चं, गिरणी कामगारांचं म्हणून ओळखलं जाणारं. आपल्या कोकणातल्या कितीतरी माणसांनी दिवसा साच्यावर काम करून रात्री तिथे तोंडाला रंग लावला, वडिलांनीपण दोनदा लावलाय, एकदा शिपायाचं काम आणि एकदा राजाचं. आता ते पुनर्विकासासाठी बंद आहे. रविवारी सकाळी आईला तिकडून चालत नेलं, ती थांबली नाही, मीपण थांबवलं नाही. नवीन होईल तेव्हा त्यात नाटकाला जागा राहावी आणि ती लहान मंडळांना परवडेल अशा भाड्यात मिळावी ही माझी फार मनापासून इच्छा आहे.

रॉयल ऑपेरा हाऊस या खेपेला राहिलं. चर्नी रोडजवळ, १९११ चं, जिथे बालगंधर्वांचे प्रयोग झाले, १९९३ पासून बंद पडलेलं आणि २०१६ मध्ये डागडुजी करून परत उघडलेलं. तिथे नाट्यसंगीत ऐकायचं आहे, आईची तशी मागणीच आहे.

आपल्याकडे काही नाही असं मात्र कोणी म्हणू नका. कणकवलीत आचरेकर प्रतिष्ठान आहे, मालवणला मामा वरेरकर नाट्यगृह आहे, कुडाळात बाबा वर्दम थिएटर्सची माणसं वर्षानुवर्षं राबतायत, आणि जत्रा तर आहेतच. पण पृथ्वीसारखी दोनशे खुर्च्यांची, तिन्ही बाजूंनी जवळून बघायची लहान जागा आपल्या जिल्ह्यात हवी, दशावतारासाठी तर ती मापाचीच होईल.

एनसीपीए, पृथ्वी आणि शिवाजी मंदिर या तिन्हीत पहिलं कोणतं असं विचाराल तर आईचं उत्तर पृथ्वी आणि माझं एनसीपीए. खर्चाचं म्हणाल तर राहायला नातेवाईक असेल तर दोन माणसांचा सगळा खर्च एका बऱ्यापैकी लग्नाच्या आहेरात बसतो.

पृथ्वीचा महोत्सव नोव्हेंबरात असतो. रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आठला तुतारीसाठी बसायचंय, तेव्हा चतुर्थीची गडबड आसपासच असते म्हणून विसरायला नको, आईने कालनिर्णयवर आत्ताच लाल पेनाने गोल केलाय.